पाणकोंबडीची राखण

पाणकोंबडी धान खाते कमी आणि मोडते जास्त. हे आमच्या दिघोरीत कुणाला शिकवावं लागत नाही. लांब लाल पायाच्या बोटांत ती धानाचं ताट मुठीत धरल्यासारखं धरते, बुडाशी चोच घालून तोडते, आतला कोवळा गाभा तेवढा खाते आणि उरलेलं टाकून दुसऱ्या ताटाकडे वळते. तलावाच्या कडेची बांधी असली आणि रोवणी होऊन पंधरा-वीस दिवस झाले, की भल्या पहाटे तिथं जांभळी पाखरं उतरायची. ऊन वर येईपर्यंत बांधीचा एक कोपरा उघडा पडलेला असायचा.

माझा आजा ढिवर, म्हणजे मासेमार. स्वतःची जमीन नव्हती, त्याचं पोट तलावावर. तरी रोवणीनंतर महिनाभर तो तलावाकडेच्या बांध्यांची राखण करायचा. हातात पत्र्याचा फुटका डबा आणि बोराची काठी. मजुरी म्हणून चुरण्याच्या वेळी धान मिळायचे. मी सात-आठ वर्षांचा असेन, त्याच्यासोबत पाळीवर, तलावाच्या बांधावर, जायचो. एकदा मी दगड उचलला आणि पाणकोंबडीवर नेम धरला. आज्यानं माझा हात धरला. म्हणाला, "हाकलाचं, बाबू. पाखरू कमी करनं का जास्त करनं, ते तलावाच्या हाती आहे. आपल्या हाती फक्त डबा."

आजा अहिंसावादी नव्हता. लव्हाळ्यात फास लावून त्यानं पाणकोंबड्या पकडल्या होत्या, अंडीही उचलली होती. तेव्हा १९७२चा वन्यजीव कायदा नव्हता, आणि घरात खाणारी तोंडं बरीच होती. पण घरट्यात पाच अंडी असली तर तो दोनच उचलायचा, आणि त्या घरट्याकडे त्या पावसाळ्यात पुन्हा जायचा नाही. तरी 'कमी करणं तलावाच्या हाती' या त्याच्या बोलण्याचा अर्थ मला कळायला साठ वर्षं लागली, आणि तो कळला अमेरिकेतल्या एका बातमीमुळे.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तर होतो. दिघोरी म्हणजे भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातली दिघोरी मोठी. निवृत्त होऊन गावातच राहिलो. माझी भाची लग्नानंतर फ्लोरिडात गेली. दोन वर्षांपूर्वी तिनं घराजवळच्या तळ्याकाठचा एक फोटो पाठवला आणि लगेच फोन केला. "मामाजी, हे आपल्या तलावावरचं पाखरू इथं कसं आलं?" फोटोत लाल कपाळाची, जांभळ्या-निळ्या अंगाची, शेपूट झटकून खालचा पांढरा भाग दाखवणारी जांभळी पाणकोंबडी उभी होती. अगदी आमचीच. करड्या डोक्याची ही जात पश्चिम आशियापासून भारतातून थायलंडपर्यंत राहते. अमेरिकेशी तिचा काही संबंध नव्हता.

मग मी शोधत बसलो. हे पाखरू पाळायची हौस जुनी आहे. रोमन श्रीमंत लोक आपल्या बंगल्यांच्या बागांत पाणकोंबड्या शोभेसाठी ठेवत आणि त्यांचं मांस खात नसत. फ्लोरिडातल्या हौशी पक्षिपालकांनीही ती अशीच ठेवली होती. त्यांतली काही मोकळी झाली आणि १९९६ साली पेम्ब्रोक पाइन्स या गावाच्या तळ्यांवर लोकांच्या नजरेत आली. त्या वेळी ती एवढ्याशाच भागात होती. हे पाखरू इथंच राहील, असं तिथल्या अधिकाऱ्यांना वाटलं, आणि काही केलं गेलं नाही. दहा वर्षांत ते एव्हरग्लेड्सच्या दलदलीत शिरलं, ओकीचोबी या मोठ्या सरोवरापर्यंत गेलं. शेतांतून वाहून येणारं खतयुक्त पाणी गाळण्यासाठी सरकारनं मुद्दाम पाणवनस्पतींची जी तळी तयार केली होती, तिथं तर ते जमूनच बसलं.

२००६च्या डिसेंबरात मारायला सुरुवात झाली. पंख्याच्या होड्या दलदलीत घालून बंदुकांनी. २००८च्या डिसेंबरापर्यंत, दोन वर्षांत, ३,१८७ पाणकोंबड्या मारल्या. मग मोहीम थांबवली, कारण पाखरं संपली नव्हती आणि संपणारही नव्हती. लव्हाळ्यात दडणारं पाखरू होडीतून किती दिसणार? एक जोडी उरली तरी तिची पिलं होतात. २०१३ साली अमेरिकेतल्या पक्षिनिरीक्षकांच्या संघटनेनं तिला आपल्या देशात रुजलेल्या पक्ष्यांच्या यादीत घेतलं. म्हणजे हार मानली असंच मी समजतो.

हा आकडा मी वाचला तेव्हा आज्याचा फुटका डबा आठवला. तीन हजारांवर पाखरं मारूनही संख्या हाती आली नाही, आणि आमच्या तलावावर शेकडो वर्षं हे पाखरू होतं, धानाशेजारी होतं, तरी त्याचा सुळसुळाट झाला असं माझ्या लहानपणी कुणी म्हटल्याचं आठवत नाही. तिथं ते परकं आणि इथं घरचं, हे खरं. मोठं कारण तेच असेल. इथं त्याची अंडी खाणारे साप आणि मुंगूस आहेत. पण घरचं पाखरूसुद्धा माजतं, हे मी माझ्या डोळ्यांनी याच गावात पाहिलं आहे. ते कधी माजलं आणि कशामुळे, ही आमच्या तलावांचीच कथा आहे.

आमच्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातल्या, तलावांची आठवण गोंड राजांपासून सुरू होते. चांद्याच्या राजानं सांगितलं, जो जंगल तोडून गाव वसवील आणि तलाव बांधील त्याला ती जमीन. तलाव बांधणारे कोहळी हे काशीकडून आले, अशी त्यांची परंपरा सांगते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर जो ग्रंथ छापला, त्यात कोहळ्यांच्या या कसबाला मोठी जागा दिली आहे. नवेगावबांधचा अवाढव्य तलाव कोलू पाटील कोहळ्यानं बांधला. लोकांनी त्याला कोलासूर देव केलं, आणि तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना सात बहिणी म्हटलं, कारण त्यांनी बांधकामाला हात लावला म्हणे. माणसाचा देव होतो तो उगाच होत नाही. दोन टेकड्यांच्या मधून वाहणारं पाणी कुठं अडवलं तर ते खालच्या किती बांध्यांना पुरेल, हे ज्याच्या नजरेत होतं, त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं मला आजही वाटतं.

इंग्रजांनी या प्रदेशात मालगुजारी पद्धत बसवली. मालगुजार सारा भरायचा आणि गावाचा, तलावासकट, मालक असायचा. म्हणून आमचे तलाव मामा तलाव म्हणून ओळखले जातात, 'माजी मालगुजारी'चं ते लघुरूप. मालगुजार काही देवमाणसं नव्हते. आमच्या घरच्या बायांनी त्यांच्या वाड्यावर फुकट भांडी घासली आहेत, आणि ते मी विसरणार नाही. पण तलाव फुटला तर मालगुजाराचं धान जातं, म्हणून पाळीवर कुणाची तरी रोज नजर असे. पाणकर बांध्यांना पाणी सोडी. ढिवराला मासोळी आणि शिंगाडा, त्या बदल्यात पाळीची आणि पाण्याची चाकरी. कुंभाराला गाळाची माती. गुराख्याला उन्हाळ्यातलं तळ.

आता यात पाणकोंबडी कुठं येते, ते सांगतो.

पाणकोंबडीला दोन गोष्टी लागतात. उथळ पाणी, आणि त्यात दाट उभं गवत: लव्हाळा, पाणकणीस. घरटं त्यातच, लपणंही त्यातच. जेवढं हे गवत तेवढ्या पाणकोंबड्या. जुन्या तलावाचं वर्ष असं असायचं. आश्विन-कार्तिकात धान निसवत असताना शेवटचं पाणी सोडलं जाई आणि तलाव अर्धा रिकामा होई. पौष-माघात कडेचं तळ उघडं पडे. तिथं कुणी गाळपेर करी, कुणी वाल-लाखोळी टाकी. फाल्गुनापासून गावची गुरं आत शिरत. म्हशी लव्हाळ्याची मुळं तुडवून टाकत. चैत्र-वैशाखात तळातला गाळ गाड्या भरून बांध्यांत जाई. त्याच्या जिवावर धान पिके. शेवटी पाणी उरे ते तलावाच्या सर्वांत खोल भागात, एवढंसं. पाणकणीस जगून राही ते त्याच कोपऱ्यात. म्हणजे दर उन्हाळ्यात पाणकोंबडीचं घर आकसून एका कोपऱ्याचं होई, आणि पावसाळ्यात जितकं गवत नव्यानं उगवे तितकीच पाखरं वाढत. मृगात तलाव भरू लागला की उघडं पाणी जास्त, गवत कमी. त्या उघड्या पाण्यात, तळाशी उगवणाऱ्या मऊ शेवाळागवतावर हिवाळ्यात हजारांनी बदकं उतरत.

संख्येचं नियंत्रण हा शब्द आज्याला माहीत नव्हता. गुराखी गुरं चारत होता, कुणबी गाळ नेत होता, पाणकर पाणी सोडत होता. पाणकोंबडीसाठी म्हणून यातलं कुणी काहीच करत नव्हतं. सगळे मिळून ते होत होतं.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता, कायदाही तिथलाच. तलाव सरकारजमा झाले. माझ्या बापाला तो दिवस आठवायचा. गावात आनंद झाला होता, आणि तो खराच आनंद होता. पण तलावाचा मालक बदलताना तलावाचं वर्ष कुणी कागदावर लिहून घेतलं नाही. पाणी एका खात्याकडे गेलं, मासोळी दुसऱ्याकडे, तळातली जमीन तिसऱ्याकडे. पुढं राज्यही बदललं, १९५६ साली मुंबई, १९६० साली महाराष्ट्र. पाणीपट्टीवरून वाद झाले. पाणकराची चाकरी संपली. गाळ उचलायला परवानगी लागू लागली, आणि युरियाची पोती आल्यावर गाळाची गरजही कुणाला वाटेना.

मग पाहुणे आले. पहिला बेशरम. हे झुडूप उष्ण अमेरिकेतलं. गुलाबी-जांभळी भोंग्यासारखी फुलं, दिसायला देखणं. कुंपणाला चांगलं म्हणून लोकांनीच लावलं. मी स्वतः शाळेच्या आवाराला ते लावलं आहे, मुलांच्या हातांनी, १९७८-७९च्या सुमाराला. गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून तर कुंपणाला चांगलं. आणि म्हणूनच तलावात गेल्यावर त्याला अडवणारं कुणी नाही. फांदीचा तुकडा चिखलात पडला की झाड होतं. वीस वर्षांत आमच्या तलावाचा गाळानं उथळ झालेला सगळा वरचा भाग बेशरमानं भरला. गुरं आत जाईनाशी झाली.

दुसरे पाहुणे मासे. रोहू, कतला, मृगळ यांची बोटुकली आणून सोडायला सुरुवात झाली. मच्छीमार सहकारी संस्था झाल्या, आमच्या लोकांच्या हातात पैसा आला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांच्यासोबत सायप्रिनस आला, गवत्या मासा आला. सायप्रिनस तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, गढूळ पाण्यात तळाच्या गवताला उजेड मिळत नाही. गवत्या तर ते गवतच खातो. तळाचं मऊ गवत गेलं तशी त्यात अंडी घालणारी आमची बोटरी, दाडक गेली, मरळ कमी झाली, आणि हिवाळ्यातली बदकं दुसरीकडे वळली.

पाणकोंबडीचं मात्र बरं झालं. बेशरमाच्या जाळीत माणूस शिरत नाही, म्हैस शिरत नाही. मध्येच पाणकणसाची बेटं, वर्षभर ओल. इतका सुरक्षित गड तिला कधी मिळाला नव्हता. १९९०नंतर पावसाळ्यात कडेच्या बांध्यांत मी जी पाखरं मोजली आहेत, तितकी लहानपणी कधी पाहिली नव्हती. बांधीवाले चिडले. विष टाकायच्या गोष्टी होऊ लागल्या. एका सकाळी मला पाळीखाली सात पाणकोंबड्या मेलेल्या सापडल्या, आणि त्यांच्या शेजारी दोन बगळे, ज्यांचा धानाशी काही वाद नव्हता. मी त्या पुरल्या. शाळेत त्या दिवशी धडा शिकवला नाही, मुलांना पाळीवर नेऊन बसवलं आणि तलाव दाखवला. काय सांगावं ते मलाच नीट माहीत नव्हतं. पाखरू वाढलं म्हणून पाखराला मारायचं, एवढंच सर्वांना दिसत होतं. फ्लोरिडातही पुढं तेच दिसलं.

उत्तर मला दिघोरीत मिळालं नाही, पूर्वेला अर्जुनी मोरगावच्या बाजूला मिळालं. तिथं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ काम करतं. मनीष राजनकर आणि ढिवर समाजातले पतिराम तुमसरे यांनी म्हाताऱ्या ढिवरांशी बसून कोणत्या तलावात कोणतं गवत होतं, कोणत्या गवतात कोणती मासोळी अंडी घालते, कोणतं पाखरू काय खातं, हे गोळा केलं. पुस्तकात नसलेलं ज्ञान. मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी असताना माधवराव पाटील डोंगरवारांकडून आणि ढिवरांकडून असंच शिकले होते, हे त्यांच्या वाचकांना ठाऊक आहे. पण मंडळानं ते ज्ञान पुन्हा चिखलात नेलं. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटायचा. तुकडा मागे ठेवायचा नाही. तळ नांगरायचं. पावसाच्या तोंडावर दुसऱ्या चांगल्या तलावातून तळाच्या गवताची मुळं आणून लावायची. गवत्या आणि सायप्रिनस सोडायचे नाहीत. शालू कोल्हेंसारख्या ढिवर बायांनी या कामात पुढाकार घेतला, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण आमच्या समाजात बाईला जाळ्याला हात लावू देत नसत.

मी ते तलाव पाहून आलो. जिथं बेशरम होता तिथं उघडं पाणी, पाण्याखाली हिरवं गवत, वर कमळपाखरं चालताहेत, मधोमध बदकं. आणि पाणकोंबड्या? होत्या. एका कडेला, पाणकणसाच्या पट्ट्यात. त्यांना कुणी मारलं नव्हतं, हाकललंही नव्हतं. त्यांचं घर पुन्हा एका कोपऱ्याचं झालं होतं. मी पाळीवर बसलो आणि मला आज्याचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला.

परत येऊन आम्ही दहा-बारा जणांनी दिघोरीत सुरुवात केली. दोन उन्हाळे बेशरम उपटला. तिसऱ्या वर्षी एका कंत्राटदाराचं यंत्र आलं, गाळ काढायला. मी खुश झालो होतो. त्यानं कडा सरळ उभ्या कापल्या आणि मधे विहिरीसारखा खोल खड्डा केला. उथळ उतार, जिथं आम्ही गवत लावलं होतं, तोच खरवडून नेला. तलावाला उतार लागतो. उतारावर पाणी पायरी-पायरीनं मागं सरतं, आणि त्या प्रत्येक पायरीवर वेगळं गवत, वेगळं पाखरू. हे कोहळ्यांना कळत होतं. मी त्या रात्री जेवलो नाही.

आता वरच्या बाजूला साधारण दोन एकर उतार आम्ही पुन्हा धरला आहे. फाल्गुनात चार घरच्या म्हशी तिथं सोडतो. म्हशीवाल्यांना आधी समजावावं लागलं, आता तेच विचारतात, "मास्तरजी, कवा सोडाची?" गेल्या हिवाळ्यात पन्नासेक बदकं उतरली, तीन दिवस राहिली. कडेच्या एका बांधीवाल्यानं यंदा रोवणीनंतर राखणीसाठी माणूस ठेवला. मला विचारलं नाही, पण एक पहाट मी गेलोच. पोरगा विशीतला, हातात डब्याऐवजी मोबाईल, त्यात कुत्र्याच्या भुंकण्याचा आवाज भरून ठेवलेला. तो वाजवला, पाणकोंबड्या पाय लोंबकळवत उडाल्या आणि पाणकणसात उतरल्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "रोज मोजतो मी," तो म्हणाला. "काल एकोणीस होते, आज सोळा."

मी त्याच्या शेजारी धुऱ्यावर बसलो आणि दोघांनी पुन्हा मोजले.